जिन्यातली शेगडी

क्लोविस थिबोदोच्या तळघरातल्या फायरप्लेसची ख्याती अशी होती, की तिच्यात जाळ केला की घर गार पडायचं. हे कुणी थट्टेनं म्हणत नसे. क्लोविसने स्वतः तापमापक लावून पाहिलं होतं. लाकडं छान पेटायची, ज्वाळा देखण्या निघायच्या, आणि घरात असेल नसेल तेवढी ऊब गोळा करून धुराड्यातून वर जायच्या. तिथून ती ऊब नदीपलीकडे कॅनडात जात असावी, असा त्याचा अंदाज होता.

त्याच तळघरात दर गुरुवारी त्याची बायको रोझान आणि तिच्या तीन मैत्रिणी पत्ते खेळत. जानेवारीत त्या कोट, टोप्या घालून बसत. हातमोजे घातले की पत्ते वाटता येत नाहीत म्हणून वाटणारीने तेवढा एक हात उघडा ठेवायचा, असा नियम झाला होता.

"चौतीस वर्षं बटाट्यांना ऊब दिलीस," रोझान म्हणाली. क्लोविस बटाट्याच्या कोठारांचं तापमान सांभाळायच्या कामावरून नुकताच निवृत्त झाला होता. "एक बटाटा कधी गारठू दिला नाहीस. आणि बायको तुझी खाली कुडकुडतेय."

"बटाटे तक्रार करत नाहीत," क्लोविस म्हणाला आणि लगेच पस्तावला.

फायरप्लेसच्या तोंडात एखादी जुनी बिडाची शेगडी बसवायची आणि तिची नळी धुराड्यातून थेट वर न्यायची, हा त्यावरचा उपाय सगळ्या गावाला ठाऊक होता. शेगडी कुठे आहे हेही ठाऊक होतं. बर्थिल्द उएलेट नावाच्या म्हाताऱ्या बाईंच्या कोठारात, बंद पडलेल्या शाळेतली मोठी शेगडी पडून होती. अडचण दुसरीच होती. ती उचलायला दोन माणसं लागणार होती, आणि दुसरा माणूस म्हणजे फर्नां.

फर्नां हा रोझानचा धाकटा भाऊ. एकटा जीव, अंगाने दरवाजाएवढा रुंद, गावाच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात बावीस वर्षं काढलेला. शेगड्या आणि धुराडी यांतलं त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. फक्त अकरा वर्षांपासून तो आणि क्लोविस एकमेकांशी बोलत नव्हते. भेटत होते. नाताळला एका टेबलावर जेवतही होते. पण मीठ हवं असलं तर "रोझान, तुझ्या नवऱ्याला सांग, मीठ दे," असं. आणि क्लोविस मीठ हातात धरून थांबायचा, रोझानने "मीठ दे" म्हटल्याशिवाय पुढे करायचा नाही.

"मंगळवारी दोघंही जाणार आहात," रोझानने जाहीर केलं. "मी येतेय मध्ये बोलायला."

उएलेटबाईंनी शेगडी फुकट दिली. पण शेगडीत कोंबडी होती.

"पाच हिवाळे ती यातच राहतेय," बाई म्हणाल्या. "शेगडी जाईल तिथे ती जाईल. तिला बाहेर ओढायचं नाही. कबूल असेल तर न्या."

कोंबडी काळी होती, गळ्याशी पांढरा पट्टा. ती मान जराशी वाकडी करून माणसाकडे अशी बघायची, की आपण गृहपाठ केलेला नाही असं वाटावं. त्यामुळे बाईंनी तिचं नाव मदर ठेवलं होतं, कॉन्व्हेंटच्या मोठ्या सिस्टरवरून.

"रोझान, तुझ्या नवऱ्याला सांग," फर्नां म्हणाला, "शेगडी पावणेदोनशे किलो आहे. त्यात कोंबडीने काय फरक पडतोय?"

"कोंबडीने काय फरक पडतोय," रोझानने सांगितलं.

"त्याला सांग, मला चालेल."

"त्याला चालेल."

कोंबडीसकट शेगडी ट्रकमध्ये चढली, कोंबडीसकट स्वयंपाकघरातून तळघराच्या जिन्याशी आली. फर्नां खाली उभा राहून पेलणार, क्लोविस वरून पट्टा धरून सोडत जाणार आणि रोझान क्लोविसच्या मागे उभी राहून निरोप पोचवणार, असं ठरलं. दोघा पुरुषांमध्ये चार फुटांचं अंतर होतं. एकमेकांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"रोझान, त्याला सांग, डावीकडे घे."

"क्लोविस, डावीकडे."

"त्याला विचार, माझी डावी की त्याची?"

"फर्नां, तुझी डावी की त्याची?"

"शेगडीची डावी!"

"शेगडीची डावी म्हणतोय."

"शेगडीला डावी कुठली असते, विचार त्याला."

अशा रीतीने सहा पायऱ्या उतरल्या. सातव्या पायरीशी जिना वळतो. तिथे शेगडीचा एक पाय कठड्याच्या खांबात गुंतला. फर्नां ओरडला, "रोझान, त्याला सांग, पट्टा सोडू नकोस!" नेमका तेव्हाच स्वयंपाकघरातला फोन वाजला आणि रोझान तो घ्यायला गेली.

क्लोविसने ते वाक्य ऐकलं होतं. शब्दन् शब्द ऐकला होता. पण अकरा वर्षांत फर्नांचं कुठलंच बोलणं रोझानच्या तोंडून आल्याशिवाय त्याने धरलं नव्हतं. आत्ता ते धरावं की धरू नये, या विचारात त्याची बोटं क्षणभर सैल पडली. शेगडी पुढे कलली, वळणावर फिरली आणि मोठा आवाज करून दोन भिंतींच्या मध्ये घट्ट बसली. फर्नां मागे उडी मारून वाचला. शेगडीचं दार खालच्या बाजूला उघडलं आणि मदर पायऱ्या उतरून शांतपणे तळघरात निघून गेली.

रोझान फोन ठेवून आली. "काय म्हणत होता फर्नां?"

"पट्टा सोडू नकोस," क्लोविस म्हणाला.

"मग सोडू नकोस ना."

शेगडी वर येईना, खाली जाईना. तिच्या एका बाजूने मांजर कदाचित गेलं असतं. फर्नां जाणं शक्यच नव्हतं. तळघराला दोन खिडक्या होत्या, जमिनीलगत, लांबट आणि वीतभर उंचीच्या. फर्नां शेवटचा त्या मापाचा होता तेव्हा सहावीत असेल.

"मी दलाला फोन करते," रोझान म्हणाली.

"खबरदार!" खालून गर्जना आली. "बावीस वर्षं मी लोकांना संकटातून बाहेर काढलं. आता वॉलेस मिशो घंटा वाजवत येणार आणि मला शेगडीमागून सोडवणार? त्यापेक्षा मी इथेच राहतो."

वॉलेस मिशो हा दलाचा प्रमुख आणि गावातल्या शेगड्यांचा तपासनीसही. त्याच्या सहीशिवाय शेगडी पेटवता येत नसे.

आणि फर्नां राहिला. खाली सोफा होता, टीव्ही होता, छोटं न्हाणीघर होतं. संध्याकाळच्या जेवणाला रोझान बर्फात गुडघे टेकून खिडकीतून प्लोयची, म्हणजे तिकडच्या धिरड्यांची चळत, घेवड्याची भाजी आणि लोण्याचा डबा आत सरकवत होती.

"प्लोय जरा जाड झालेत," फर्नां आतून म्हणाला.

"फर्नां, मी बर्फात गुडघ्यांवर बसलेय."

"जाड असले तरी चांगलेच आहेत."

बुधवारी सकाळी शेगडी जिन्यातच खोलायची असं ठरलं. रोझान निरोप पोचवून पोचवून कंटाळली होती. "आता तुमचं तुम्ही बघा," असं म्हणून ती बाजारात निघून गेली, आणि घरात दोघं उरले. मध्ये शेगडी.

बिडाची पेटीसारखी शेगडी ती. पुढची पाटी, मागची पाटी, दोन बाजू, तळ, वरचं झाकण, सगळं चार लांब सळयांनी आवळलेलं. सळईचं डोकं मागच्या पाटीवर, म्हणजे क्लोविसकडे. नट पुढच्या पाटीवर, म्हणजे फर्नांकडे. नट फिरवायचा तर दुसऱ्याने डोकं धरून ठेवायला हवं, नाहीतर सळई नुसतीच गरगर फिरते. शिवाय पाने, तेल, तारेचे ब्रश ही क्लोविसची सगळी हत्यारं तळघरात होती. म्हणजे फर्नांजवळ.

क्लोविस वरच्या पायरीवर बसून राहिला. खालून खुडबुड ऐकू येत होती. मग घसा खाकरल्याचा आवाज आला.

"मदर," फर्नां म्हणाला, "वरच्या गृहस्थांना सांगा, डोकं धरा."

मदरने काहीच सांगितलं नाही.

क्लोविसने शेगडीच्या मागच्या गोल भोकातून, जिथे नळी बसते तिथून, आत पाहिलं. पलीकडच्या उघड्या दारात कोंबडी बसली होती आणि तिच्या मागे फर्नांची हनुवटी दिसत होती.

"मदर," तो भोकात तोंड घालून म्हणाला, "त्यांना सांगा, हातानं धरू का? सगळे पाने त्यांच्याकडे आहेत."

थोड्या वेळाने शेगडीच्या पोटातून एक पाना सरकत वर आला. क्लोविसने हात घालून तो घेतला. घेताना फर्नांच्या बोटाला बोट लागलं. दोघांनीही हात असे मागे घेतले, जणू शेगडी पेटलेलीच होती.

पहिला नट अर्ध्या तासाने हलला. दुसऱ्यावर तेल सोडून वाट बघायची होती. वाट बघताना माणूस बोलतो, त्याला इलाज नाही.

"मदर, यांना विचारा," क्लोविस म्हणाला, "माझी झोपडी बुडवली त्याचं यांना काही वाटलं का कधी?"

"कसली झोपडी?" फर्नां कोंबडीला विसरून गेला.

"कसली झोपडी म्हणजे! तळ्याच्या बर्फावर मासे धरायची माझी झोपडी. तू नेलीस, मार्च संपला तरी तिथेच ठेवलीस. बर्फ फुटला आणि गेली तळाला. खुर्च्यांसकट! तेव्हापासून तर मी तुझ्याशी बोलत नाही."

फर्नांची हनुवटी शेगडीच्या दाराशी आणखी जवळ आली.

"तू झोपडीवरून बोलत नाहीस?"

"मग कशावरून?"

"अरे, मी समजत होतो तुला लाज वाटते म्हणून बोलत नाहीस! शेजारच्या जेरारच्या लग्नात मी अकॉर्डियन वाजवलं, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, याने वाजवणं थांबवलं तर मी पैसे देतो. मी तर त्यावरून बोलत नव्हतो!"

"मी असं काही म्हणालोच नाही."

"म्हणालास."

"माझा नव्हता आवाज तो. आणि झोपडीचं काय?"

"झोपडीचं मी फोन करून सांगितलं होतं, बर्फ फुटतोय, येऊन ने, मला ताप आहे. मी सांगितलं होतं!"

"मला कुणी सांगितलं नाही."

म्हणजे अकरा वर्षं भांडण एक नव्हतं, दोन होती. प्रत्येकाने स्वतःचं वेगळं चालवलं होतं आणि दुसऱ्याच्या भांडणाचा कुणालाच पत्ता नव्हता. क्लोविसला एकदम घाम फुटला. एक भांडण कसंबसं सांभाळत आणलं होतं त्याने, आता दुसऱ्याचंही उत्तर द्यायची पाळी आली. फर्नांचीही तीच गत असावी, कारण पाना आपटल्याचा आवाज आला आणि "मी काम करणार नाही" अशी घोषणा झाली.

"मीही नाही," क्लोविस म्हणाला. खरं तर काम आधीच थांबलेलं होतं.

रोझान बाजारातून परतली तेव्हा दोघंही आपापल्या बाजूने शेगडीला पाठ लावून बसले होते. तिने पिशव्या ठेवल्या. क्लोविसने सगळं सांगितलं, खालून फर्नांनेही सांगितलं, एकाच वेळी.

रोझानने कोट काढला, सावकाश अडकवला.

"अकॉर्डियनचं मी म्हणाले होते," ती म्हणाली.



"तू?" फर्नां म्हणाला.

"मीच. क्लोविसच्या मागे उभी होते. तो पाव खात होता, त्याचं तोंड भरलेलं होतं. आणि झोपडीचा फोनही मीच घेतला होता. चुलीवर दूध होतं, ते उतू गेलं, त्यात विसरले."

"आणि अकरा वर्षं गप्प राहिलीस!" हे दोघं एकदमच म्हणाले, अगदी एका सुरात.

"गप्प?" रोझानचा आवाज चढला. "मी गप्प? अकरा वर्षं मी बोलतेय! तुझं मीठ त्याला, त्याची कॉफी तुला. गाडीभर निरोप वाहिले मी तुमचे. त्यात दोन राहिले, दोन! आणि सुरुवातीला सांगणार होते. पण तुम्ही दोघं बोलत नव्हता तेव्हा घर इतकं शांत असायचं, की म्हटलं नाताळनंतर सांगू. मग पुढच्या नाताळनंतर." तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. त्या दुपारी जेवण कुणालाच मिळालं नाही, खिडकीतूनही नाही.

खाली फर्नांने फायरप्लेसमध्ये चार लाकडं पेटवून फावड्यावर मदरचं एक अंडं तळलं. फावड्याचा दांडा धरून अर्धं अंडं शेगडीच्या पोटातून वर पाठवलं.

"मीठ आहे का?" क्लोविसने विचारलं.

"नाही," फर्नां म्हणाला. "क्लोविस, डोकं धर. दुसरा नट सुटतोय बहुतेक."

संध्याकाळपर्यंत चारही सळया निघाल्या. झाकण सुटलं, बाजू सुटल्या, आणि पावणेदोनशे किलोंची शेगडी सहा पाट्या आणि चार पाय होऊन जिन्यातून मुकाट खाली गेली. वाट मोकळी झाली. फर्नांने आता घरी जायला हरकत नव्हती. तो जिन्याच्या तोंडाशी आला, वर स्वयंपाकघरात डोकावला, रोझानचा चेहरा पाहिला आणि परत खाली गेला.

"गंज काढायचाय," तो म्हणाला. "उद्याच जाईन."

पण उद्या गंज काढला. परवा काळं पॉलिश लावलं. रोझानने पत्त्यांचा गुरुवार कधी नव्हे तो रद्द केला होता, कारण तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. पाट्यांच्या खाचांत भट्टीचं सिमेंट भरून शेगडी पुन्हा आवळली, दाराभोवती न जळणारी नवी दोरी चिकटवली, तळाशी भट्टीच्या विटा रचल्या. दार नीट बंद होतं का हे बघायला फटीत कागदाचा कपटा धरून ओढायचा असतो. कपटा निघाला तर फट आहे. फर्नांने कपटा ओढला. फाटला, पण निघाला नाही. दोघं त्या फाटक्या कपट्याकडे बापाच्या कौतुकाने बघत राहिले. दार उघडताच मदर पुन्हा आत जाऊन बसली.

शनिवारी नळी घातली. क्लोविस छपरावर बसून स्टीलची लवचीक नळी धुराड्यात सोडत होता, फर्नां फायरप्लेसमध्ये डोकं घालून दोरी ओढत होता. तेवीस फूट धुराडं मध्ये होतं.

"ये!" फर्नां.

"येतेय! तुझ्या पुतण्याचा फोन आला होता का रे?"

"कुठल्या? वळणाशी अडकलीय, फिरव! आला होता. बायको सोडून गेली त्याला!"

"परत?"

"परत!"

अकरा वर्षांचं साचलेलं होतं. नळी तासात खाली आली, पण ते दोघं धुराड्यातून आणखी दीड तास बोलत होते. शेवटी रोझान अंगणात आली आणि छपराकडे बघून म्हणाली, की पुतण्याच्या बायकोचं सगळं आळीला ऐकू येतंय.

सोमवारी वॉलेस मिशो तपासणीला आला. फुटपट्टी लावून भिंतीपासूनचं अंतर मोजलं, नळीचे जोड हलवून पाहिले, समाधानाने मान डोलावली. फर्नां सोफ्यावर चप्पल घालून बसलेला पाहून त्याच्या भुवया वर गेल्या, पण फर्नांने "मदतीला आलोय" एवढंच म्हटलं. मग वॉलेसने शेगडीचं दार उघडलं.

"आत कोंबडी आहे."

"हो," क्लोविस म्हणाला.

"फॉर्मवर 'सध्याचा वापर' असा रकाना आहे. मी काय लिहू?"

"शेगडी लिही."

"मला दिसतंय ते खुराडं आहे. खुराड्यात जाळ करायला मी सही देऊ? बावीस वर्षं दलात होतास फर्नां, तूच सांग."

फर्नांला ते पटलं, हेच मोठं संकट होतं.

दोन दिवस मदरची मनधरणी चालली. मक्याचे दाणे दाराशी ठेवले. ती मान बाहेर काढून दाणे खाई आणि परत बसे. शेजारी गवत घालून खोकं ठेवलं, त्यावर जुनं ब्लँकेट घातलं. फर्नांने कोंबडा आरवल्याचा आवाज काढून पाहिला. त्यावर मदरने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तो उठून वर जाऊन कॉफी पिऊन आला. ओढून काढायचं नाही, हा शब्द दिलेला होता.

शेवटी रोझान उएलेटबाईंनाच घेऊन आली. बाई काठी टेकत जिना उतरल्या. शेगडीसमोर वाकल्या.

"मदर," त्या म्हणाल्या, "जरा बाजूला व्हा. यांना जाळ करायचाय."

कोंबडी उठली, उतरली, चार पावलं चालली आणि लाकडांच्या पेटीवर जाऊन बसली.

"तुम्ही तिला विचारलंच नसेल," बाई म्हणाल्या.

वॉलेसने सही केली. पहिला जाळ छोटाच केला, रंग आणि सिमेंट बसायला. तरी तळघरभर धूर झाला, कारण धुराडं गारठलेलं होतं. फर्नांने खिडकी उघडली, वर्तमानपत्राची पेटती गुंडाळी नळीच्या तोंडाशी धरली, आणि एकदम आवाज झाला, कुणीतरी खोल श्वास घ्यावा तसा. धूर वळला आणि वर निघाला. क्लोविस शेगडीवर तळवा धरून उभा राहिला. बिडाचं पोट हळूहळू कोमट होत गेलं. मग त्याने रुमाल काढून नाक पुसलं.

गुरुवारी मैत्रिणी आल्या. पहिल्या डावात कोट निघाले, दुसऱ्यात टोप्या आणि स्वेटर. तिसऱ्यात खिडक्या उघडल्या. चौथ्यात एकीने पायमोजे काढले आणि रुमालाने मान पुसत म्हटलं, "रोझान, हे काय, मेलो की आम्ही." पाचवा डाव वर स्वयंपाकघरात झाला. तेव्हापासून तो तिथेच होतो.

फर्नां शुक्रवारी घरी गेला आणि तासाभरात परत आला. दहा दिवस बंद घर, शून्याखाली तीस. पाण्याचे सगळे नळ गोठून फुटले होते, स्वयंपाकघरात गुडघाभर बर्फ साचला होता आणि त्याच्या मधोमध खुर्ची उभी होती. तो दारात उभा राहिला, हातात सूटकेस.

"प्लंबर एप्रिलमध्ये येतो म्हणालाय," तो क्लोविसला म्हणाला.

"सोफा आहे खाली," क्लोविस म्हणाला.

रोझानने दोघांकडे पाहिलं, तव्यावरचा प्लोय उलथला आणि तिसरी ताटली काढली. मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन खालच्या कोंबडीला हाक मारली, की दाणे संपले असतील तर सांग.